सौम्य चवीला गुण किती?

चवीचा निवाडा शंभरपैकी गुणांनी करण्याची पद्धत वाइनच्या जगातून सिगारच्या जगात आली. १९९२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या नियतकालिकाने ती रूढ केली. परीक्षकाच्या हाती सिगार देण्यापूर्वी त्याची नाममुद्रेची कागदी पट्टी काढली जाते. मग रूप व बांधणी यांना १५, चवीला २५, जळण्या-ओढण्याच्या गुणांना २५ आणि एकंदर ठशाला ३५ अशा वाटणीने गुण पडतात. या पद्धतीतले नाव झाकणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो आकड्यावर.

नाव झाकणे का आवश्यक, हे मार्क ट्वेनने ‘कन्सर्निंग टोबॅको’ या लेखात फार गमतीने सांगितले आहे. एका श्रीमंत मित्राच्या उंची सिगारांवरच्या पट्ट्या काढून त्याने ते आपल्या स्वस्त, बदनाम सिगारांच्या पेटीत ठेवले आणि पाहुण्यांपुढे केले. पाहुण्यांनी ते कसेबसे ओढले व बाहेर पडताच फेकून दिले. ज्याचे ते सिगार होते, त्यालाही एक-दोन झुरक्यांपलीकडे ते सोसवले नाहीत! साहित्याच्या अभ्यासकांना येथे आय. ए. रिचर्ड्स आठवतील. त्यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या. त्यातून ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हा ग्रंथ सिद्ध झाला. परंतु रिचर्ड्स यांनी वाचकांकडून गुण मागितले नाहीत, लेखी अभिप्राय मागितले. आमच्या मते सारा फरक येथे आहे.

तो फरक लहान, सौम्य सिगार ओढताना विशेष जाणवतो. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात तंबाखूच्या शेतांवर विरळ कापडाचे मांडव घालतात. सावलीत वाढलेले पान पातळ, फिकट व बारीक शिरांचे होते आणि सिगारच्या बाहेरचे वेष्टन म्हणून ते वापरले जाते. ‘पेटिट कोरोना’ या १२९ मिलिमीटर लांबीच्या लहान आकारात आतला तंबाखू कमी असल्याने वेष्टनाचा वाटा तुलनेने मोठा. घाईने ओढला तर असा सिगार तापतो व कडवटतो. मिनिटाला एखादा झुरका पुरे. (धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. आम्ही येथे चवीची चर्चा करीत आहोत, शिफारस नव्हे.) अशा एका सिगारविषयी आमचा अभिप्राय असा: आरंभी वाळल्या गवताचा वास आणि सायीसारखा मऊपणा, मध्यावर भाजलेला बदाम व देवदाराचे लाकूड, शेवटी अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा, थोडा लांबलेला.

याला आम्ही ८६ गुण देऊ. निकाराग्वातील एखाद्या काळ्या, मिरमिरीत सिगारलाही कदाचित ८६च देऊ. दोन्ही आकडे प्रामाणिक असतील, तरी दोन्ही मिळून वाचकाला काहीच सांगणार नाहीत. शिवाय मोजपट्टी हाती आली की सौम्यतेची ओळख अभावानेच होऊ लागते: जोर नाही, झणका नाही, गुंतागुंत नाही. जे आहे ते सांगायला वाक्य लागते. ज्या ‘एकंदर ठशा’ला सर्वाधिक ३५ गुण आहेत, त्याचेच विवरण आकड्यात मुळीच होत नाही.

आपल्या परंपरेत रसाची कल्पना भोजनावरूनच समजावली गेली. नाट्यशास्त्रात भरताने नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न आस्वादणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टांत दिला आहे. तेथे प्रश्न ‘किती’ हा नाही. ‘कोणता रस’ आणि ‘कशाच्या संयोगाने’ हा आहे. सौम्य म्हणजे अल्प नव्हे, हे त्या दृष्टीला सांगावे लागत नाही.

परीक्षेत गुण द्यावे लागतात, हे शिक्षक म्हणून आम्हीही जाणतो. पुस्तकांना तारे वाटले जातात, तेही आता थांबणे नाही. पण उत्तरपत्रिकेच्या समासात जो शेरा लिहिला जातो, तोच विद्यार्थ्याला पुढच्या वाचनात उपयोगी पडतो. बेरीज केवळ निकालाच्या कामाची. एखादी हळुवार कविता वर्गात ‘बरी आहे’ एवढ्यावर निकालात निघते, तेव्हा उणीव कवितेत असते की आपल्या शब्दसंग्रहात, हे आधी तपासावे. नाव झाकावे, चव घ्यावी आणि आकडा लिहिण्यापूर्वी निदान तीन वाक्ये लिहावीत. ती जमली नाहीत, तर आकडाही लिहू नये.