अशिलाची सात वर्षे

विवाहसंबंधाने या देशात आलेली परदेशी व्यक्ती नागरिकत्वाच्या अर्जासाठी वकिलाच्या कचेरीची पायरी चढते, तोवर तिच्या प्रकरणाचा निकाल बहुधा लागून चुकलेला असतो. कारण अर्जाचा मसुदा हे या कामाचे सर्वांत सोपे अंग असून खरा पुरावा मागील सात-आठ वर्षांत पासपोर्टावर उमटलेल्या शिक्क्यांत, वेळीच घेतलेल्या वा राहून गेलेल्या व्हिसाच्या मुदतवाढींत आणि विवाहनोंदणीच्या दाखल्यात साठलेला असतो.

नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५(१)(सी) चा इतिहास उद्बोधक आहे, आणि काहीसा खिन्न करणाराही. १९५५ च्या मूळ पाठात ही तरतूद केवळ स्त्रियांसाठी होती: भारतीय नागरिकाची पत्नी असलेली, किंवा पूर्वी असलेली, स्त्री नोंदणी मागू शकत असे, परदेशी जावयाचा विचार विधिकर्त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष हा भेद मिटवला व पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती मुदत सात वर्षांवर नेली. २००३ च्या याच दुरुस्तीत 'पूर्वी असलेली' हे शब्द मात्र गळून पडले, आणि त्यांच्याबरोबर विधवेला त्या कलमात असलेला शब्दशः आधारही.

आता ही सात वर्षे मोजायची कशी? लगतच्या बारा महिन्यांचे अखंड वास्तव्य, आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे, असा कायद्याचा हिशेब आहे. आजारी आईला पाहण्यासाठी शेवटच्या वर्षात माहेरी जाऊन आलेल्या सुनेचा अखंडपणा तेवढ्यानेच भंगतो; २०१५ पासून केंद्र सरकारला, विशेष परिस्थिती लेखी नमूद करून, अशा खंडांपैकी एकूण तीस दिवसांपर्यंतची सूट देता येते खरी, परंतु ती मागायची तर कारणांचे दस्तऐवज त्याच वेळी जपून ठेवलेले असावे लागतात. याहून घातक म्हणजे मुदत उलटलेला व्हिसा. परवानगीच्या कालावधीनंतर राहिलेला इसम 'अवैध स्थलांतरित' या व्याख्येत सापडतो, आणि अशा इसमाला कलम ५ चे दार बंद आहे.

अमेरिका किंवा जर्मनीप्रमाणे कुटुंबाधारित निवास आणि नागरिकत्व यांच्यामध्ये कायम निवासाचा स्वतंत्र टप्पा आपल्या नागरिकत्व अधिनियमात नाही. ती जागा व्यवहारात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाने घेतली आहे. विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा, ही त्याची अट. म्हणून लग्न पंचांग पाहून लागले तरी नोंदणी निबंधकाकडे तातडीने करावी, हा सल्ला आम्ही कितीदाही देऊ. (पाकिस्तान वा बांगलादेश येथील मुळाच्या व्यक्तीला हे कार्ड मिळत नाही, सीमेपलीकडून उल्हासनगरात सून होऊन आलेल्या सिंधी मुलीला दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच दिवस काढावे लागतात.) कार्डधारकास मताधिकार नाही, आणि शेतजमीन खरेदी करून सातबाऱ्यावर नाव चढवण्याची मुभाही नाही. तथापि पाच वर्षे कार्डधारक राहिलेल्या व बारा महिने येथे वास्तव्य केलेल्या प्रौढ व्यक्तीला कलम ५(१)(जी) खाली अर्ज करता येतो, हा मार्ग अनेक व्यवसायबंधूंच्या नजरेतून निसटतो असे आमचे निरीक्षण आहे. वर्षभराचा अपवाद सोडता उरलेल्या काळात परदेशी नोकरीनिमित्त ये-जा करणाऱ्या अशिलासाठी तोच अधिक सुकर ठरतो.

मात्र विवाहाच्या आधारे मिळालेले हे कार्ड विवाहाच्याच दोरीला बांधलेले असते. घटस्फोट झाल्यास कलम ७डी(एफ) अन्वये केंद्र सरकार, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, ते रद्द करू शकते. उलट नोंदणीने एकदा नागरिकत्व लाभल्यावर घटस्फोट हे ते काढून घेण्याचे कारण होत नाही. या दोहोंतले अंतर कधी कधी एखाद्या वर्षाचेच असते. कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीच्या अर्जावर सह्या होतात तेव्हा पोटगी, मुलांचा ताबा, दागिने यांची बारकाईने वाटाघाट झालेली असते, पण पत्नीच्या हाती कोणते कार्ड आहे आणि ते मिळून किती वर्षे झाली, हा प्रश्न तिच्या वकिलाने सहीआधी विचारल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.