आधी डोळा ओळखा, मग शिस्त घ्या

रिक्रूटच्या हातात पहिल्यांदा रायफल देण्याआधी त्याचा मास्टर डोळा कोणता ते बघितलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकलला दोन्ही डोळ्यांची नजर तपासतात आणि 6/6 लिहून मोकळे होतात. पण नजर तेज असणं वेगळं, डोळा मास्टर असणं वेगळं. दोन्ही डोळे 6/6 असले तरी शिस्त घेताना (नव्या वाचकांसाठी, फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम) मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतो. तो हाताच्या बाजूचा असेलच असं नाही. साधारण तीन माणसांत दोघांचा उजवा डोळा मास्टर, एकाचा डावा. डावखुरे मात्र दहात एखादाच. म्हणजे रायफल उजव्या खांद्याला आणि डोळा डावा, असे जवान प्रत्येक कंपनीत निघणारच.

मध्य प्रदेशातल्या एका ट्रेनिंग सेंटरला असताना आसामचा एक मुलगा होता. पीटीत पुढे, ड्रिलमध्ये पुढे, रेंजवर मात्र वॉशआउट. टारगेटवर एकही भोक नाही. मग रायफल डोक्यावर धरून रेंजला चकरा. उस्तादांनी त्याचा ट्रिगर, श्वास, कोपर सगळं तपासलं होतं. त्याला काय दिसतं हे कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "साब, फोरसाइट टिप दो-दो दिखता है." त्याला डावा डोळा एकटा मिटताच येत नव्हता. मिटला की उजवाही अर्धा मिटायचा, उघडा ठेवला की डावा आपलंच चित्र पुढे करायचा. टोपीला कागदाची पट्टी अडकवून डाव्या डोळ्यासमोर सोडली. पुढच्या डिटेलला पाचही गोळ्या टारगेटवर. ग्रुप मोठाच होता, पण होता!

तपासायला एक मिनिट लागतं. दोन्ही हात समोर लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये लहानसं भोक ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचा एखादा खांब त्यात धरा. आता डावा डोळा मिटा. खांब जागेवर राहिला तर उजवा डोळा मास्टर, गायब झाला तर डावा. तीन-चार वेळा करून बघा, काहींचा कौल पक्का नसतो. ही काही नवी विद्या नाही. इटलीच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ता याने अशीच एक परीक्षा 1593 मध्ये लिहून ठेवली आहे.

डाव्या डोळ्याच्या जवानाने खांदाच बदलावा का? जुने उस्ताद नाही म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. इन्सास काय, एके काय, खाली खोका उजवीकडे उडतो. डाव्या खांद्याने फायर केलं तर तो तोंडासमोरून जातो. पण नव्या मुलाला दोन्ही खांद्यांनी एकेक ग्रुप टाकू द्यायला काय हरकत आहे? डाव्याने जमलं तर डावा, नाहीतर पट्टी. दहा वर्षं उजव्याने चांगला ग्रुप टाकणाऱ्याला मात्र कुणी हात लावू नये. पिस्तूलला तर प्रश्नच नाही, हात थोडा सरकवून डोळ्यासमोर आणला की झालं.

आपले कितीतरी माजी सैनिक सातारा, सांगली, कोल्हापूरकडे भरती अकॅडमी चालवतात. 1600 मीटरची वेळ लिहिता त्याच वहीत प्रत्येक पोरासमोर डा किंवा उ एवढं एक अक्षर लिहा, आणि सेंटरला जाताना त्याला ते पाठ करून पाठवा.