नदीच्या नोंदवहीला वारसदार हवेत

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातील 279 नद्यांवरील 311 पट्टे प्रदूषित ठरले. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे 55 पट्टे महाराष्ट्रात होते. मात्र अधिकृत नमुने ठरावीक केंद्रांवरच घेतले जातात आणि गावालगतचे अनेक ओढे-नाले मोजणीबाहेर राहतात. ही उणीव शाळा काही अंशी भरून काढू शकतात. खरा प्रश्न सातत्याचा आहे.

या कल्पनेमागे अनुभव आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ह्युरॉन नदीच्या पाण्यामुळे विद्यार्थ्यांना कावीळ झाल्यानंतर 1984 मध्ये शाळेत पाण्याची तपासणी सुरू झाली. त्यातूनच पुढे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या पुढाकाराने नदी-शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. नववीतील विद्यार्थी चाचणीत तरबेज होतो, तोवर दहावीची परीक्षा समोर येते. शिक्षकाची बदली झाली, की नोंदवही कपाटात जाते. नववीच्या मुलांनी सहावी-सातवीच्या मुलांना घडवले, तर ही साखळी तुटणार नाही. शिकवणाऱ्याला कृतीमागचे कारणही सांगावे लागते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे कमी असतो आणि शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारी वाढतो. म्हणून नमुना दरवेळी त्याच जागी, त्याच वेळी घ्यावा लागतो. हे न उमगलेल्या हातांनी केलेल्या नोंदी दिशाभूल करू शकतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. नदीची ओळख होण्यास ते पुरेसे आहेत, ऋतुमानानुसार नोंदी ठेवण्यास नाहीत.

मर्यादाही मान्य कराव्या लागतील. शालेय संचाने मिळतो तो केवळ इशारा. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी 3 मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. या मागणीच्या चाचणीसाठी नमुना 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. ते काम प्रयोगशाळेचे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानुसार पुराव्यासाठी नमुना घेण्याची विहित पद्धत असल्याने मुलांची नोंद न्यायालयात टिकणार नाही. शिवाय दूषित पाण्याजवळ हातमोजे आणि मोठ्यांची देखरेख अनिवार्य आहे.

तरीही मुलांच्या नोंदींत सलग घसरण दिसली, तर अधिकृत नमुना कोठे घ्यावा, हे प्रदूषण मंडळाला कळू शकते. त्यासाठी शाळेची नोंद स्वीकारणारा आणि तिला उत्तर देणारा अधिकारी जिल्हा पातळीवर निश्चित व्हायला हवा. उत्तरच मिळाले नाही, तर धाकटी पिढी मोजमापाबरोबर त्याची निरर्थकताही शिकेल.