आधी थांबायला शिका

गुरुकुंज मोझरीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "ताई, सप्रेम जयभीम. माझी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींबरोबर तिला काश्मिरात बर्फावरचे स्कीइंग शिकायला जायचे आहे. तिचे आजोबा म्हणतात, पाय मोडून घेतला तर पुढे कसे? आणि वऱ्हाडात बर्फ पडतो कुठे, की हे शिकावे?"

आजोबांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्याकडे थंडी म्हणजे फार तर चिखलदऱ्याला गवतावर गोठलेले दव. तेव्हा हे शिक्षण नेमके कसे असते, ते आधी समजून घेऊ. मग होय की नाही ते ठरवू.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. बूट इतका टणक असतो की घोटा हलत नाही. पहिल्या दिवशी कोणी डोंगरावर नेत नाही. सपाट बर्फावर चालायचे, मग उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल टाकत चढायचे. त्यानंतरचा धडा पडण्याचा. तोल गेलाच तर मागे कोसळायचे नाही, कुशीवर, चढाच्या बाजूला पडायचे. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या, नाहीतर उठताउठताच माणूस घसरू लागतो. कुस्तीच्या आखाड्यातही पडायचे कसे हे शिकावेच लागते, तसेच हे.

त्यानंतर थांबणे. स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब, गुडघे किंचित वाकलेले, आणि भार आतल्या कडांवर. नांगराच्या फाळासारखा हा आकार बर्फ खरवडतो आणि वेग मरतो. वळायचे असेल तर एका पायावर जास्त भार द्यायचा. उजव्या पायावर दिला की माणूस डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. नजर पायाशी नको, पुढे हवी.

नवशिक्याची खरी अडचण भीतीची. उतार दिसला की अंग आपोआप मागे रेलते. मागे रेलले की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार कमी होतो, ना वळता येते ना थांबता येते. म्हणजे भीतीने माणूस जे करतो, त्यानेच तो पडतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकवून उताराकडे झुकले, तरच स्की ताब्यात राहते. आजोबा विचारतात ना, उपयोग काय? वयात येणाऱ्या मुलीने भीती वाटत असताना पुढे झुकायला आणि वेळेवर थांबायला शिकावे, हा उपयोग मला तरी थोडा वाटत नाही. त्याला बर्फाचाच मुलूख लागतो असे नाही.

आता धोका. तो आहे, लपवू नये. या खेळात सर्वांत जास्त दुखावतो तो गुडघा. म्हणून चार गोष्टींची खात्री करा. शिकवणारा प्रशिक्षित असावा. डोक्याला हेल्मेट असावे. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड मुलीच्या वजनाप्रमाणे बसवून घ्यावी, म्हणजे पडताना ती वेळेवर सुटते. पाय थकले की त्या दिवसाचा सराव थांबवावा. शिवाय पुढच्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची, हा तिथला नियम तिला ठाऊक असू द्या.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था १९६८ पासून आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगम असे वर्ग घेत आले आहे. फीमध्ये स्की, बूट, राहणे आणि जेवण येते का, हे आधीच विचारून घ्या. तिकीट काढण्यापूर्वी बर्फ पडला का, हेही विचारा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडेच होते.

घरची तयारी महिनाभर आधी सुरू करा. रोज जिने चढणे आणि अर्ध्या बैठका, कारण सगळा भार मांड्यांवर येतो. आतून सुती कपडे नकोत. ते घामाने ओले होतात आणि अंग गारठते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत. आपण उन्हातली माणसे, पण तिथले ऊन वेगळे. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. थंडी आहे म्हणून गॉगल आणि मलम विसरू नये.

मुलीची जात आणि हा खेळ, असे म्हणणाऱ्यांना मनालीची आंचल ठाकूर सांगा. २०१८ मध्ये तुर्कस्तानात तिने कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून त्याचे तेव्हा कौतुक झाले. ती बर्फाच्या गावची हे खरे. पण २०२० पासून भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राचे खेळाडूही उतरतात.

आठ-पंधरा दिवसांत कोणी पदक आणत नाही. लहानशा उतारावरून न पडता खाली येणे आणि सांगितल्या जागी थांबणे, एवढे आले तरी पुष्कळ झाले. तेव्हा भगिनींनो, पैशाची ओढाताण असेल तर एक वर्ष थांबा, मुलीला तसे मोकळेपणाने सांगा आणि पैसे साठवा. पण केवळ भीतीपोटी नाही म्हणू नका. चौकशी करा आणि मग होय म्हणा.