ताडोबाला पहिल्यांदाच चाललात?

मंडळी, आम्हा आयटीवाल्यांना प्रत्येक गोष्टीत डिलिव्हरेबल लागतं. पहिल्या सफारीला मोहर्ली गेटवरच मी गाइडला म्हणालो, "भाऊ, वाघ दाखवलात तर टीप जास्त!" आता लाज वाटते. असल्या आमिषानंच जिप्स्या पळतात आणि वाघाची वाट अडते. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना गाड्यांनी घेरलं. थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली.

तेव्हा मंगळवार टाळा (सफारी बंद असते), हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत जाड जॅकेट घाला, आणि निघतानाच सांगा, "वाघ दिसो न दिसो, टीप तेवढीच." गाइडही निवांत होतो. मग इरई जलाशयाकाठचे पक्षीसुद्धा दिसायला लागतात!