'भाऊ पाहील' म्हणजे सोय नव्हे



दिवाळीत सगळे जमलो होतो. चहा घेताना एकानं सल्ला दिला, "गुरुजी, घर अन् पैसा मोठ्याच्या नावानं करून टाका. तो पाहील लहान्याले." सर्वांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसलो. आज लिहितो, कारण वाचणारे तुम्हीच आहात!

माझा धाकटा 41 वर्षांचा. बौद्धिक अपंगत्व जन्मापासूनचं. तान्हा पोळा त्याचा आवडता सण. शंभराची नोट मात्र ओळखता येत नाही. मोठा देवमाणूस आहे. पण देवमाणसालाही कर्ज होतं, मरण येतं. घर त्याच्या नावानं केलं की कायद्यानं ते त्याचं, त्याच्यामागे त्याच्या वारसांचं. धाकट्याकडे उरतो फक्त शब्द. आणि धाकट्याच्या नावानं ठेवावं, तर त्याला व्यवहार जमत नाही.

म्हणून खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात तो वेगळा. हा 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखालचा. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात, लाभ धाकट्याचा. विश्वस्ताला ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही, हिशेब ठेवावाच लागतो. घर असेल तर नोंदणी केलेला दस्त हवा, नाहीतर मृत्युपत्रातून करता येतो. किमान रकमेची अट कायद्यात नाही. "हे श्रीमंतांचे खेळ" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. धाकट्यानंतर उरेल ते मोठ्याच्या मुलांना, असंही लिहिता येतं.

आणखी एक. मूल 18 वर्षांचं झालं की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. पालक आणि विश्वस्त वेगळे ठेवावेत, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं.

"घरच्यांवर विश्वास नाही का?" असं विचाराल. शाळेच्या सहलीचे पैसे माझ्याकडे असत, तरी हेडमास्तर पावत्या मागत. मला कधी अपमान वाटला नाही. उलट पावत्या होत्या म्हणून माझ्यावर कोणी बोट ठेवलं नाही.

असो. मोठा विश्वस्त होणारच, पण एकटा नाही. दुसरा कोण? दिवाळीत माना डोलावणाऱ्यांपैकी कोणी हात वर करणार का?