मैदान जिंकणारा जिम ब्राऊन



अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मार्टिन ल्यूथर किंग उभे राहतात, मुष्टियोद्धा मुहम्मद अली उभा राहतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली, तेव्हा तिने आपले नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. पण त्याच लढ्यातील एका खेळाडूचे नाव आपल्या वस्त्यांतून फारसे ऐकू येत नाही. तो म्हणजे जिम ब्राऊन. १८ मे २०२३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला. त्याची कहाणी आज सांगायची आहे. तिच्यात उजेड आहे तसा अंधारही आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाला. चेंडू घेऊन समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीत घुसणारा जो खेळाडू, त्याला रनिंग बॅक म्हणतात. आपल्या कबड्डीतील चढाई करणारा गडी आठवा. फरक एवढाच, की इथे अख्खा संघ अंगावर धावून येतो आणि तेही पूर्ण ताकदीनिशी.

जिमचा जन्म १७ फेब्रुवारी १९३६ चा, जॉर्जिया राज्यातील सेंट सायमन्स बेटावरचा. दक्षिणेकडील हा मुलूख वर्णद्वेषाने पोळलेला. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. बाप मुष्टियुद्ध खेळणारा; तो लवकरच घर सोडून गेला. आई पोट भरण्यासाठी दूर न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर गेली आणि लोकांच्या घरी घरकाम करू लागली. लेकराला सांभाळले पणजीने. आठव्या वर्षी आईने त्याला आपल्याकडे बोलावून घेतले. धुणीभांडी करून मुलांना शिकवणाऱ्या माउल्या ज्या घरांत आहेत, त्यांना ही आई वेगळी सांगायला नको.

मॅनहॅसेटच्या शाळेत त्याने एकाच नव्हे, अनेक खेळांत नाव काढले. तरीही सिराक्यूज विद्यापीठाने त्याला सुरुवातीला खेळाडूची शिष्यवृत्ती दिली नाही. गावातील काही मंडळींनी वर्गणी काढून त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पहिल्या वर्षाच्या संघात तो एकटाच कृष्णवर्णीय. त्याच्या राहण्याची सोयही इतर खेळाडूंपासून वेगळी. त्याने उत्तर दिले ते मैदानावर.

१९५७ साली तो क्लीव्हलँड ब्राऊन्स या व्यावसायिक संघात आला. ज्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तो उतरला, तिच्यात १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नव्हता, हे ध्यानात ठेवा. तिथे तो नऊ हंगाम खेळला आणि त्यांपैकी आठ हंगामांत सर्वांत जास्त धाव त्याचीच होती. एकूण ११८ सामने, एकही चुकवला नाही. चेंडू घेऊन तो १२,३१२ यार्ड धावला, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, आणि त्यातला प्रत्येक यार्ड कुणाला तरी चुकवून किंवा धडकून मिळवलेला. १९६४ साली त्याच्या संघाने बाल्टिमोर कोल्ट्सला २७-० असे हरवून अजिंक्यपद मिळवले.

त्याची एक सवय प्रसिद्ध होती. प्रत्येक वेळी खाली पाडल्यावर तो अगदी सावकाश उठायचा. मार लागलेला असो वा नसो, उठणे तेच. त्यामुळे कुठे दुखले हे समोरच्याला कधी कळलेच नाही.

१९६६ च्या उन्हाळ्यात तो लंडनमध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात होता. काम लांबले. सरावाला वेळेवर हजर झाला नाहीस तर दंड करीन, असे संघाच्या मालकाने बजावले. जिमने सरळ निवृत्तीच जाहीर केली. वय अवघे ३०, कीर्ती शिखरावर. मालकाच्या दंडाने वाकणारा गडी मी नव्हे, हे त्याने जगाला दाखवले.

त्याच वर्षी त्याने निग्रो इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक युनियन ही संस्था उभी केली. कृष्णवर्णीयांनी नुसत्या नोकऱ्या न मागता स्वतःचे उद्योगधंदे उभारावेत, म्हणून कर्ज आणि सल्ला देणे हे तिचे काम. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास मुहम्मद अलीने नकार दिला आणि सारी अमेरिका त्याच्यावर तुटून पडली. तेव्हा ४ जून रोजी जिमने नामवंत कृष्णवर्णीय खेळाडूंना क्लीव्हलँडला बोलावले. त्यांनी अलीला खोदून खोदून प्रश्न विचारले आणि मग त्याच्या पाठीशी उभे असल्याचे जाहीर केले. १९८८ साली त्याने 'अमेर-आय-कॅन' ही संस्था काढली. टोळ्यांत अडकलेल्या पोरांना आणि तुरुंगातील कैद्यांना ती सरळ जगण्याचे धडे देत असे.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, असा माणूस आपल्या पोरांपुढे आदर्श म्हणून ठेवावा. पण भगिनींनो, पुढचेही ऐका.

याच माणसावर स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप आयुष्यात अनेकदा झाले. कितीतरी आरोप न्यायालयात टिकले नाहीत. १९९९ साली मात्र पत्नीच्या मोटारीची फावड्याने मोडतोड केल्याबद्दल तो दोषी ठरला. घरातील हिंसाचाराबाबत समुपदेशन घे, असे न्यायालयाने सांगितले. ते त्याने साफ नाकारले आणि २००२ मध्ये काही महिने तुरुंगात काढले. मालकापुढे न वाकणे हा स्वाभिमान होता. स्वतःची चूक दाखवली जात असतानाही न वाकणे याला स्वाभिमान कसे म्हणायचे? इतर पोरांना राग आवरायला शिकवणाऱ्याने स्वतः शिकायला नकार दिला.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब बोलले होते. समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी सांगितले होते. पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, असेही त्यांनी तिथे बजावले होते. ही मोजपट्टी परक्यांसाठी आहे तशी आपल्या माणसांसाठीही आहे. मोर्चात पुढे असणारा, सभेत टाळ्या घेणारा, पंचशील ग्रहण करणारा आपला कार्यकर्ता घरी गेल्यावर कसा वागतो, हे त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय त्याला मोठा म्हणू नये.

मग जिम ब्राऊनचे नाव पुसून टाकावे काय? मुळीच नाही. १२,३१२ यार्ड खरे आहेत, अलीच्या पाठीशी उभे राहणे खरे आहे, आणि ते फावडेही खरे आहे. मुलांना त्याची गोष्ट सांगा तेव्हा तिन्ही सांगा. पडल्यावर उठायचे कसे, हे त्याच्याकडून शिकावे. घराच्या उंबरठ्याच्या आत वागायचे कसे, हे त्याच्या चुकीवरून शिकावे.

जय भीम!